हिरव्या गाडीच्या टाकीतील पाण्याबाबत

पुरवणी जबाब. दिनांक १९, सुरू केल्याची वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

जबाब देणार: नाव वरच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे. स्त्री. वय ६४ वर्षे. धंदा: मुलींच्या शाळेतून निवृत्त, शिवणकामाच्या शिक्षिका. राहणार: बेकरीमागची गल्ली, डाव्या हाताचे शेवटचे बैठे घर, मागे एका गाडीपुरते गॅरेज.

मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतःहून ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वरील घरात मी एकटी राहते. माझे पती दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि रविवारी येतो. माझे धाकटे दीर, वय ६१, यंत्रांच्या कारखान्यात फिटर होते. ते दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनी लग्न केले नाही. मी त्यांना भाऊजी म्हणते. जबाबातही तसेच लिहावे असे मी हवालदारांना सांगितले. ते म्हणाले, "मावशी, नात्याने लिहिलं तरी चालेल, पण एकदा लिहिलं की शेवटपर्यंत तेच." मी बरे म्हटले.

दिनांक ११, शनिवार रोजी दुपारी आमच्या गॅरेजच्या दारात गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचा भडका उडाला. त्यात भाऊजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याच दिवशी इस्पितळात माझा जबाब घेतला गेला. मी स्वयंपाकघरात होते, आवाज ऐकून बाहेर आले, असे त्यात लिहिले आहे. ते खरे आहे, पण पुरे नाही. भाऊजींच्या जबाबात लिहिले आहे की, "टाकीत पाणी भरायचे मी विसरलो." ते खरे नाही. ते विसरले नव्हते. एवढ्यासाठी मी आले आहे.

गाडी दोन माणसांची, बसकी, हिरव्या रंगाची स्पोर्ट्स कार आहे. आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पतींनी ती एका डॉक्टरांकडून बंद अवस्थेत घेतली. ती चालू व्हायला चार वर्षे लागली. पती आणि भाऊजी रविवारी काम करीत. माझ्याकडे नट-बोल्ट होते. जो निघेल तो मी पुसून अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवी आणि त्याखाली चिठ्ठी घाली. "मागचे डावे चाक, आतून दुसरा." पती म्हणत, "हिच्या चिठ्ठ्या आहेत म्हणून गाडी आहे." भाऊजी म्हणत, "दादा, उद्या आपणच सुटे झालो तर वहिनी आपल्यालाही ट्रेमध्ये लावतील." गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा मुलगा माझ्या मांडीवर होता. त्याने कानांवर हात ठेवले होते.

हवालदारांनी विचारले की, याचा घटनेशी काय संबंध. यावर मी सांगते की, संबंध पुढे येतो.

सात वर्षांपूर्वी माझ्या पतींना विसरण्याचा आजार सुरू झाला. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी एके दिवशी पाण्याच्या जागी इंजिनाचे तेल ओतले. आम्ही तिघेही हसलो. नंतर हसण्यासारखे राहिले नाही. शेवटच्या वर्षी ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत. एकदा त्यांनी मला विचारले, ही हिरवी गाडी कोणाची. मी सांगितले, आपली. ते म्हणाले, "छान आहे." ते गेल्यावर गाडी मुलाच्या नावावर झाली. ती विकायची नाही असे मी त्याला सांगितले होते.

गेल्या महिन्यापासून गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येत होता. भाऊजींनी डिकीतली सतरंजी आणि स्टेपनी काढून पाहिले. टाकीच्या वरच्या अंगाला, पेट्रोल भरायच्या गळ्याजवळ, सांध्याला बारीक छिद्र पडले होते. दोन गॅरेजवाल्यांनी टाकीचे काम घेत नाही म्हणून सांगितले. भाऊजी म्हणाले, "टाचणीच्या टोकाएवढं भोक. आपण घरीच डाख देऊ, कथील वितळवून बुजवू. दादा असता तर एव्हाना झालं असतं." मी हो म्हटले. त्या दोन दिवसांत मी नवीन ट्रे काढून चिठ्ठ्या कापून ठेवल्या होत्या, हेही लिहावे.

शुक्रवार, दिनांक १० रोजी भाऊजींनी बॅटरीची तार काढली, टाकीतले पेट्रोल नळीने डब्यांत घेतले आणि डबे अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवले. नंतर गळ्याचा रबरी पाइप, गेजची तार, दोन्ही पट्टे सोडून टाकी खाली उतरवली. एकूण चौदा बोल्ट निघाले. चौदाही ट्रेमध्ये आहेत.

शनिवारी सकाळी नऊ वाजता ते आले. गॅरेजच्या दारात लाकडी घोडीवर त्यांनी टाकी ठेवली. साबणाच्या गरम पाण्याने तीन वेळा धुतली. पाणी मी तापवून देत होते. धुतलेले पाणी दर वेळी टाकीच्या तळाचा प्लग काढून सोडले. साधारण सव्वादहाला ते म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही आत जा." मी आत गेले.

येथे हवालदारांनी विचारले की, आत का पाठवले. आमच्याकडे पहिल्यापासून तशी रीत आहे. बर्नर पेटवायची वेळ आली की पती मला आत पाठवीत. सुरुवातीला मला राग येई. "मी काय लहान आहे का?" असे मी एकदा म्हटले, तर ते म्हणाले, "तू लहान नाहीस, पण तू एकच आहेस." त्यानंतर मी सांगितले की आत जाई. यामुळे झाले असे की, तीस वर्षे त्या कामात राहूनही बर्नर पेटवण्याच्या आधी आणि नंतर पुरुष काय करतात ते मी कधी पाहिले नाही. टाकीला डाख देताना ती पाण्याने भरून घ्यायची असते, म्हणजे आत पेटायला जागाच उरत नाही, हे मला ठाऊक नव्हते. हे मी सुटण्यासाठी सांगत नाही. झाले ते असे झाले.

मी आत गेल्यावर भाऊजींनी टाकी पाण्याने भरली असणार. नळाचा आवाज मी ऐकला, पण हात धूत असतील असे वाटले. थोड्या वेळाने स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिले तर ते नव्हते. डाखाच्या पेस्टचा डबा उघडा होता आणि आतली पेस्ट वाळून खडा झाली होती. ती आणायला ते गेले, हे माझ्या लक्षात आले. टाकी उन्हात होती. तिच्या गळ्यावर घडी केलेले फडके होते. मी फडके उचलून पाहिले. आत काठोकाठ पाणी होते.

मला वाटले, चौथ्यांदा धुवायला घेतली आणि पाणी तसेच ठेवून गेले. मी दहा वर्षांची असल्यापासून कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहिले. भांडी धुण्याची पाळी आठवड्यातून दोनदा असे. धुतलेल्या भांड्यात पाणी राहिले तर स्वयंपाकघराच्या सिस्टर काही बोलत नसत, फक्त ते भांडे परत आपल्या हातात देत. अजूनही माझ्याच्याने धुतलेल्या भांड्यात पाणी बघवत नाही. मी तळाखाली बादली लावली, तिथेच ठेवलेल्या पान्याने प्लग काढला आणि पाणी सोडले. पाच बादल्या भरल्या आणि वर थोडे निघाले. त्या मी एकेक करून अंगणाच्या मोरीत ओतल्या. पाणी अगदी स्वच्छ होते. मला बरे वाटले. प्लग पुसून पुन्हा घट्ट बसवला, फडक्याची घडी होती तशी गळ्यावर ठेवली, बादल्या धुऊन उपड्या घातल्या आणि आत येऊन भाजी निवडायला बसले. त्या वेळी अकराला दहा मिनिटे कमी होती.

जवळचे दुकान बंद असल्याने भाऊजींना बाजारापर्यंत जावे लागले. ते बारा वाजून पाच मिनिटांनी परतले. म्हणजे टाकी सव्वा तास रिकामी उन्हात होती. सांध्यांच्या दुमडींत पेट्रोल राहतेच आणि उन्हाने त्याची वाफ होते, असे अग्निशमन दलाच्या साहेबांनी मला नंतर समजावून सांगितले.

भाऊजी घरात आले नाहीत. बाहेरूनच ओरडले, "वहिनी, बाहेर येऊ नका हं. पेटवतोय."

मी म्हटले, "बरं."

यापलीकडे मी काही बोलले नाही. टाकी रिकामी करून ठेवली आहे, असे सांगायचे माझ्या मनातही आले नाही. ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असेच मला वाटले नव्हते.

दोन-तीन मिनिटांनी दार जोरात आपटावे तसा एकच आवाज झाला. गॅरेजच्या खिडकीची काच फुटली. मी बाहेर आले तेव्हा भाऊजी उभे होते. गळ्यावरचे फडके पेटले होते, टाकी एका अंगाने फुगून सांध्यात उसवली होती. त्यांच्या भुवया नव्हत्या. मी त्यांचे हात नळाखाली धरले. बेकरीतल्या लोकांनी आग विझवली आणि आगीचा बंब व इस्पितळाची गाडी बोलावली. भाऊजी नळाखाली हात धरून उसवलेल्या टाकीकडे पाहत होते. ते म्हणाले, "कोरडी आहे." दोनदा म्हणाले. मला वाटले, त्यांना धक्का बसला आहे.

इस्पितळात ते माझ्याशी बोलले नाहीत. मुलाशीही नाही. पोलिसांशी मात्र नीट बोलले.

मंगळवार, दिनांक १४ रोजी मुलगा माझ्याकडे जेवायला आला. तो म्हणाला, "आई, काकांचंही सुरू झालं बहुतेक. पाणी भरायचं विसरले." मी विचारले, कसले पाणी. त्याने मला टाकी, पाणी आणि वाफ हे सगळे समजावून सांगितले. मुलगा समजावून चांगले सांगतो. मी त्याला आणखी भात वाढला. तो म्हणाला, "बाबांच्या वेळी आपण फार उशीर केला. या वेळी मी उशीर करणार नाही." त्याने काकांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली होती आणि एका संस्थेत त्यांच्यासाठी खोली पाहिली होती. तिथे चोवीस तास माणूस असतो. काका हो म्हणाले आहेत, येत्या २१ तारखेला जायचे आहे, असे तो म्हणाला.  तो जेवून गेला.

हवालदारांनी विचारले, त्याच वेळी का सांगितले नाही. यावर मी सांगते की, मला तोंड उघडता आले नाही. बुधवार गेला. याला माझ्याकडे दुसरे कारण नाही.

गुरुवार, दिनांक १६ रोजी सकाळी मी भाऊजींच्या घरी गेले. इस्पितळातून त्यांना घरी सोडले होते. दार उघडेच होते. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. त्यावर त्यांच्या अक्षरात, हाताला पट्टी असताना लिहिल्यासारखे वेडेवाकडे, लिहिले होते: गॅस. नळ. दिवा. किल्ली. प्रत्येकापुढे एक चौकोन होता. हत्यारांची पेटी दोरीने बांधून ठेवली होती. ते म्हणाले, "बरं झालं आलात. पाने तुमच्याकडे ठेवा. दादाच्या हातचे आहेत."

मी त्यांना सगळे सांगितले. प्लग कसा काढला, किती बादल्या निघाल्या, सगळे. ते ऐकत होते. मग ते हसले.

"वहिनी, दादाचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, मीच ठेवला."

मी म्हटले, "ते वेगळं. हे खरं आहे."

"तो रस्ता चुकला तेव्हा म्हणालात, मीच लांबून यायला सांगितलं होतं. त्याच्या तोंडावर सांगितलंत, माझ्यादेखत. पाच वर्षं सांगत होतात. आणि तो मानायचा." मग ते म्हणाले, "आता माझी पाळी आली वाटतं."

मी म्हटले, "भाऊजी, मी शपथेवर सांगते."

ते म्हणाले, "तेव्हाही शपथेवरच सांगायचात."

हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मी तसे सांगत असे. पतींना बरे वाटावे म्हणून सांगत असे, आणि मला त्याची सवय झाली होती. त्या पाच वर्षांत मी इतके खोटे सांगितले आहे की आता खरे सांगायला माझ्याकडे काही उरले नाही, असे मला त्या दारात उभे असताना वाटले. हे वाक्य हवालदार गाळतो म्हणाले. मी ठेवायला सांगितले.

त्याच संध्याकाळी मी मुलाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आई, पुरे. तू कोणाकोणाला पाठीशी घालणार?" त्याने रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर भांडता आले असते.

म्हणून मी आज ठाण्यात आले. ज्या माणसाने पाणी भरले, त्याला आपण भरले नाही असे वाटते आहे. तो माणूस परवा घर सोडून जाणार आहे. त्याची टाकी रिकामी झाली ती माझ्या हाताने, त्याच्या डोक्यातून काही निसटल्यामुळे नव्हे. मी सांगून तो मानत नाही.

हवालदारांनी विचारले, "मावशी, तुमच्या सांगण्याला पुरावा काय? बादल्या तर तुम्ही धुऊन टाकल्यात."

 मी सांगितले की, टाकी घटनेच्या दिवसापासून ठाण्याच्या ताब्यात आहे. तळाचा प्लग शाबूत असेल तर तो उघडावा. त्याच्या आट्यांवर गळू नये म्हणून दोरा गुंडाळून वर लेप लावायचा असतो. भाऊजींनी पाणी भरण्याआधी प्लग बसवला तेव्हा त्यांच्या पेटीतला पांढरा दोरा लावला असणार, ते दुसरा ठेवत नाहीत. मी प्लग काढला तेव्हा तो दोरा भिजून सुटला होता. लेपाची डबी घोडीपाशी होती, पण दोऱ्यासाठी त्यांच्या पेटीत हात घालायला नको, म्हणून मी माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणून लावला. त्याचे टोक सुटू नये म्हणून मी काजाच्या टाक्याने बंद केले. दुसरे कोणी तसे करणार नाही. कोणाला तसे करायचे कारणच नाही.

हवालदारांनी साहेबांना विचारले. साहेबांनी परवानगी दिली. मुलाला आणि भाऊजींना बोलावून घेतले. मुलगा त्यांना गाडीतून घेऊन आला. त्याने मला विचारले, "आई, हे काय चालवलंयस?" मी म्हटले, "बस."

दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी ठाण्याच्या मागच्या आवारात दोन पंचांसमोर टाकी आडवी करून प्लग उघडण्यात आला. पाना हवालदारांनी धरला होता. भाऊजी म्हणाले, "उलटा फिरवताय." हवालदारांनी सुलटा फिरवला. प्लगवर लेप होता. तो खरवडल्यावर आट्यांमध्ये निळा दोरा दिसला. भरतकामाचा, दोन पदरी. शेवटी काजाचा टाका होता.

हवालदारांनी विचारले, "रंग लिहू ना? निळा?" मी म्हटले, गर्द निळा. त्यांनी तसे लिहिले.

भाऊजींनी प्लग मागितला. हवालदारांनी साहेबांकडे पाहिले आणि दिला. त्यांनी तो पट्टी बांधलेल्या दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "पांढरा लावला होता मी."

मी म्हटले, "हो."

"किती निघालं म्हणालात?"

"पाच बादल्या. आणि वर थोडं."

"तेवढंच बसतं," ते म्हणाले. मग ते पायरीवर बसले. मुलगा त्यांच्या शेजारी बसला.  मी त्यांच्याकडे पाहिले नाही. पंचांच्या सह्या चालल्या होत्या.

हवालदारांनी विचारले, माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल काही म्हणायचे आहे काय. होय. न विचारता मी टाकी रिकामी केली आणि केल्यावर सांगितले नाही. भाऊजींचे हात त्यामुळे भाजले. कायद्याने जे होईल ते मला मान्य आहे. गॅरेजच्या काचेबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना मी त्यांना मध्ये एकदा थांबवले. शेजारच्या टेबलावर भाऊजी आपला नवीन जबाब सांगत होते आणि मला ते ऐकायचे होते. ते सांगत होते, "तीन वेळा धुतली. मग प्लग लावला. मग पाणी भरलं, काठोकाठ. लिहा, काठोकाठ. पेटवण्याआधी फडकं उचलून पाहिलं नाही, ती चूक माझी. पण पाणी मी भरलं होतं." तिथल्या शिपायाने विचारले, नक्की ना. ते म्हणाले, "नक्की म्हणजे? मला आठवतंय ना!" मग मी हवालदारांना पुढचे वाचायला सांगितले. सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे उतरले आहे, म्हणून खाली सही करीत आहे.